आश्लेषात पेरलेली मेथी: लेस्टरमधल्या सव्वा गुंठ्याचं प्रकरण

14 जून 2022 ला रात्री सव्वानऊ वाजता मी वाफ्यावर वाकून मेथी बघत होते. बॅटरीची गरज नव्हती, ऊन अजून शेडच्या पत्र्यावर होतं. वीतभरही न वाढलेल्या मेथीला पिवळसर पांढरी फुलं लागली होती. शेजारच्या ओळीतला मुळा गुडघ्याच्या वर गेला होता, पण उपटून पाहिला तर खाली पेन्सिलीएवढं मूळ, तेही दोरखंडासारखं चिवट. कोथिंबिरीची पानं बडीशेपेसारखी बारीक झालेली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पेरलेल्या तीन ओळींतून घरात आली होती ती एक मूठ मेथी.

त्या संध्याकाळचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. रात्री सव्वानऊला मला मेथीची फुलं बॅटरीशिवाय दिसतायत, यातच उत्तर होतं. ते सापडायला पुढचं सव्वा वर्ष गेलं, आणि ते सापडल्यावर आमच्या घरचा सप्टेंबर-ऑक्टोबरचा स्वयंपाक बदलला. इंग्लंडात अलॉटमेंट घेऊन आपल्याकडच्या पालेभाज्या लावणारे बरेच मराठी लोक याच ठेचेवर अडखळताना मी पाहिलेत, म्हणून हे प्रकरण वहीतल्या नोंदींसकट मांडते आहे.

जागा

अलॉटमेंट म्हणजे भाड्याने मिळणारा भाजीपाल्याचा तुकडा. इंग्लंडात 1908 च्या कायद्याने मागणी असेल तिथे असे तुकडे उपलब्ध करून देणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक झालं. 1922 च्या कायद्यात त्याची व्याख्याही आहे: 40 पोलपेक्षा मोठा नाही, आणि त्यातली भाजी-फळं मुख्यतः कसणाऱ्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या पोटासाठी. पोल किंवा रॉड हे माप ऐकून मी आधी बिचकले होते. मग हिशेब केला. एकर दोन्हीकडे तोच; तो इथे 160 चौरस रॉडचा आणि आपल्याकडे 40 गुंठ्यांचा. म्हणजे 4 रॉड बरोबर एक गुंठा. इथला पूर्ण प्लॉट 10 रॉडचा, म्हणजे अडीच गुंठे. मला मिळाला अर्धा, सव्वा गुंठा. वडिलांना फोनवर हे सांगितल्यावर इंग्लंडातली जमीन त्यांच्या डोळ्यासमोर पहिल्यांदा उभी राहिली.

माती चिकण. पावसात बुटाला किलोभर चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. डाव्या हाताच्या प्लॉटवर एक इंग्रज आजोबा, लीक आणि पार्सनिपवाले. उजव्या हाताला युगांडातून आलेले गुजराती काका. 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा हजारो लोक लेस्टरला आले. त्यांतल्या अनेकांनी या अलॉटमेंटवर मेथी, दुधी, वाल लावायला सुरुवात केली. आज लेस्टरच्या कुठल्याही मोठ्या अलॉटमेंटवर कारल्याचा मांडव दिसला तर कुणी वळून बघत नाही, त्यामागे या लोकांची पन्नास वर्षांची मेहनत आहे.

पहिला अंदाज चुकला

जूनमध्ये मी आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, मेथी, मुळा थंडीतला. तू उन्हाळ्यात कशाला पेरलास?" मी म्हटलं, आई, इथला उन्हाळा म्हणजे आपली थंडी. मे महिन्यात दुपारी 17 अंश असतात. तिला ते पटलं नाही आणि मलाही तिचं पटलं नाही. पुढच्या महिन्यात, 19 जुलैला, लिंकनशायरमधल्या कोनिंग्जबी इथे 40.3 अंशांची नोंद झाली, ब्रिटनच्या इतिहासातली सर्वाधिक. मग मी मनाची समजूत घातली की वर्षच तसं होतं, उष्णतेने भाजी फुलावर गेली.

हा अंदाज टिकणारा नव्हता, आणि ते माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. फुलं आली जूनच्या मध्याला, होरपळ झाली जुलैच्या मध्याला. शिवाय फलटणला आमच्या घरामागे आई मार्च-एप्रिलच्या उन्हातही मेथी करते. ती चवीला जराशी कडसर होते, पाणी जास्त लागतं, पण वीतभर वाढायच्या आत फुलत नाही. तिथे पारा 38 ला आणि मेथी शहाण्यासारखी उभी, इथे 17 ला आणि ती फुलावर. उष्णता हे कारण असेल तर उलटं घडायला हवं होतं.

फलटण आणि लेस्टर यांच्यात तापमानाहून मोठा फरक दिवसाच्या लांबीचा आहे, आणि तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. आपल्याकडे 21 जूनचा, वर्षातला सगळ्यात मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. डिसेंबरात तो 11 तासांवर येतो. दोन-सव्वादोन तासांच्या या फरकाकडे कोण लक्ष देणार? लेस्टरला जूनमध्ये दिवस जवळजवळ 17 तासांचा होतो आणि डिसेंबरात 8 तासांच्याही खाली जातो. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा ही सगळी दिवस लांबला की फुलणारी झाडं. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि दाखवलं की फुलायची वेळ झाड दिवसाच्या लांबीवरून ठरवतं. पानातलं फायटोक्रोम नावाचं द्रव्य रात्र किती लांब होती याचा हिशेब ठेवतं. त्यांच्या प्रयोगातली तंबाखू आणि सोयाबीन रात्र मोठी झाली की फुलायची, मेथी फुलते रात्र लहान झाली की. माझ्या एप्रिलच्या मेथीने मे-जूनमध्ये सात-आठ तासांच्या रात्री मोजल्या आणि बी धरण्याची घाई केली. तिच्या दृष्टीने ती अगदी बरोबर वागली.

मुळ्याचं थोडं वेगळं. त्याला आधी थंडीचा झटका बसला आणि मग दिवस लांबला, तर तो आणखी लवकर फुलतो. एप्रिल-मेमधल्या इथल्या रात्री 4-5 अंशांवर उतरतात. म्हणजे वसंतात पेरलेल्या मुळ्याला दोन्ही बाजूंनी धक्का. आईचं "थंडीतला" आणि माझं "इथे थंडीच आहे" या दोन्हींत त्याची जागा नव्हती.

त्या वर्षी अगदीच काही मिळालं नाही असं मात्र नाही. फुललेला मुळा आई उपटू देईना. "डिंगऱ्या येतील की, ठेव." जुलैत शेंगा धरल्या आणि आम्ही चार वेळा डिंगऱ्यांची भाजी खाल्ली: मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ, वरून खोबरं. कोवळ्या असतानाच तोडायच्या. नखाने न तुटणारी शेंग टाकून द्यायची. कोथिंबिरीचे ऑगस्टमध्ये पाव किलोभर धणे झाले, ते जपून ठेवले.

आणि एक भाजी अशी होती की तिने भर जूनमध्ये पोटभर दिलं, न पेरता. इंग्रज आजोबा खुरपणी करून एका तणाचे ढीग कंपोस्टवर टाकत होते. पानांवर पिठासारखी पांढुरकी झाक, हंसाच्या पायासारखा आकार. मी एक पान चुरगळून पाहिलं. चाकवत! इथे त्याला फॅट हेन म्हणतात आणि तण समजतात. मी विचारल्यावर आजोबांनी घमेलंभर उचलून दिलं आणि दुसऱ्या दिवशी भाजीचा डबा घेऊन गेले. चाकवत शिजवून घोटायचा, ताकात बेसन कालवून घालायचं, आधीच भिजवून शिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे, आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. इथल्या उजेडात रुळलेली भाजी ती. तिला जून काय आणि ऑगस्ट काय.

राखी की आश्लेषा

ऑगस्ट 2022 मध्ये काकांच्या वाफ्यात मेथी पेरली जाताना पाहून मी विचारलं. ते म्हणाले, "बेन, आमच्याकडे पालेभाजी राखीच्या सुमाराला." त्या वर्षी राखी 11 ऑगस्टला होती. माझ्याकडे तेव्हा रिकामा वाफा नव्हता. पण त्यांची मेथी सप्टेंबरभर मी बघत होते, दाट, रसरशीत, फुलाचा पत्ता नाही. तेव्हा ठरवलं की पुढच्या वर्षी एकाच वाफ्यात, एकाच बियाण्याने, वेगवेगळ्या तारखांना पेरून बघायचं.

2023 ला एक अडचण समोर आली. अधिक श्रावण होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट, आणि त्यामुळे राखी गेली 30 ऑगस्टवर. काकांना विचारलं तर त्यांनी मान हलवली: यंदा राखीची वाट बघू नकोस, पुरुषोत्तम महिना आला आहे. पन्नास वर्षांच्या सवयीत त्यांना ही दुरुस्ती कुणी शिकवली नव्हती, ते आभाळाकडे बघून ओळखायचे. मला आधार हवा होता, आणि तो माझ्या आजोबांच्या बोलण्यात सापडला. सण चंद्रावर चालतात, पण आपला शेतकरी पेरतो नक्षत्रांवर, आणि पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत. मृग लागतो 7-8 जूनला, आश्लेषा 3 ऑगस्टच्या आसपास, मघा 17 च्या आसपास, अधिक महिना असो वा नसो. दिवसाची लांबीही सूर्याचीच. लेस्टरच्या उजेडाचं वेळापत्रक फलटणच्या पंचांगात आयतं लिहिलेलं होतं. आपल्याकडे आश्लेषात मुळा पेरतात की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. तारीख लक्षात ठेवायला ते नाव मला जवळचं वाटतं एवढंच.

वाफा सव्वा मीटर रुंद, सहा मीटर लांब. त्याचे तीन पट्टे केले. पहिला 6 मेला पेरला, दुसरा 5 ऑगस्टला, तिसरा 31 ऑगस्टला, राखीच्या दुसऱ्या दिवशी. बियाणं तिन्हीकडे तेच: मेथी किराणा दुकानातल्या पिशवीतली, पालक आणि पांढरा लांब मुळा पाकिटातला, कोथिंबीर आदल्या वर्षीच्या फसलेल्या पिकाच्या धण्यांची. धणे लाटण्याने रगडून दोन फाकी केले. नाहीतर उगवण विरळ होते. मेथी फोकून पेरली, मुळा बोटभर अंतरावर टोकला आणि नंतर विरळणी करून वीतभर अंतर ठेवलं. विरळलेला पाला त्याच दिवशी भाजीत.

पहिल्या पट्ट्याने 2022 ची गोष्ट जशीच्या तशी पुन्हा सांगितली. 16 जूनला फुलं.

दुसऱ्या पट्ट्याला ऑगस्टच्या सुरुवातीला 15 तासांचा दिवस मिळाला, पण तो रोज तीन-चार मिनिटांनी आखडत होता. सप्टेंबरच्या 8 तारखेला लेस्टरचा दिवस आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या दिवसाएवढा होतो आणि तिथून पुढे खाली येतो. मग अनपेक्षितपणे एक परीक्षा झाली. 4 ते 10 सप्टेंबर असे सलग सात दिवस देशात कुठे ना कुठे पारा 30 अंशांच्या वर गेला. सप्टेंबरात असं पूर्वी झालं नव्हतं. मी रोज संध्याकाळी धास्तावून जायचे. महिन्याची कोवळी मेथी दुपारी मान टाकायची, पाणी दिलं की उठायची. एकही फूल आलं नाही. मे-जूनमध्ये 17 अंशांत फुललेलं बियाणं सप्टेंबरच्या त्या कडक उन्हात फुललं नाही. उष्णतेचा माझा अंदाज मी त्या आठवड्यात वहीतून खोडला.

9 सप्टेंबरला पहिल्या चार जुड्या उपटल्या. महिनाअखेरपर्यंत त्या पट्ट्यातून एक किलो नऊशे ग्रॅम मेथी निघाली. मुळे 23, सगळ्यात मोठा साडेआठशे ग्रॅमचा. त्यांतले पाच किडके निघाले, आणि ती चूक माझीच. कोबीच्या मुळांना लागणारी माशी मुळ्यालाही लागते, म्हणून पेरल्यापासून बारीक जाळी घातली होती. त्या उन्हाच्या आठवड्यात पाणी द्यायला सोपं जावं म्हणून ती काढून ठेवली. आठ दिवस पुरले माशीला.

तिसऱ्या पट्ट्याने शिकवलं की उशीर झाला की नेमकं काय होतं. 31 ऑगस्टची मेथी उगवली छान, पण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बोटभरच राहिली. इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दिवस 10 तासांच्या खाली जातो. त्यानंतर झाड लगेच मरत नाही पण वाढतही नाही, जागच्या जागी थांबतं. म्हणजे पालेभाजीला वाढायला मिळणारा काळ दोन्ही बाजूंनी बांधलेला आहे: आधी पेराल तर फुलते, नंतर पेराल तर थांबते. माझ्या जमिनीत हा दरवाजा आश्लेषा लागल्यापासून मघा संपेपर्यंत उघडा असतो. मेथी आणि मुळ्यासाठी तर मी मघाचा पूर्वार्धही ओलांडत नाही.

जमिनीतून पानात

2022 मध्ये ऋषिपंचमी 1 सप्टेंबरला होती आणि तिच्या भाजीला लागणारा लाल भोपळा वेलावर अजून हिरवा होता. 2023 मध्ये अधिक महिन्याने तीही पुढे ढकलली, 20 सप्टेंबरवर. राखीच्या बाबतीत नडलेला अधिक महिना इथे कामी आला. वेलावर पाच भोपळे पिकलेले होते.

ऋषिपंचमीच्या व्रतामागे विटाळाची जी कल्पना आहे ती मला मान्य नाही, आणि मी ते व्रत करत नाही. भाजीवर मात्र माझं प्रेम आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरट न करता हाताने पिकवलेलंच खायचं, हा तिचा नियम. पुण्या-मुंबईत त्यासाठी बाजारातून ‘ऋषीची भाजी’ म्हणून वाटा विकत आणतात, आणि ती कुणी कशी पिकवली हे घेणाऱ्याला कळत नाही. माझ्या सव्वा गुंठ्यावर कुदळ, खुरपं आणि माझे हात यांखेरीज काही चालत नाही. हा नियम इतक्या सहज पाळला जाईल अशी जागा मला लेस्टरात मिळाली, याचं मला त्या दिवशी फार वाटलं.

पातेल्यात काय काय पडलं: लाल भोपळ्याच्या सालीसकट फोडी, दोन कणसांचे तुकडे, लाल माठाची पानं आणि सोललेले देठ, नवे बटाटे, पडवळाच्या जागी इथल्या रनर बीन्सच्या कोवळ्या शेंगा, काकांनी काचघरातून दिलेला एक दोडका. अळू नव्हतं. इथे एक इशारा द्यायलाच हवा. रुबार्बचं पान लांबून अळूसारखं दिसतं, मोठं, लांब देठाचं, आणि ते जवळजवळ प्रत्येक अलॉटमेंटवर असतं. ते विषारी आहे. खायचा तो फक्त देठ, पान कधीही नाही. आंबटपणाला चुका हवा होता, त्याऐवजी सॉरेल घातलं; ते चुक्याचंच भावंड, एकाच कुळातलं, चव तशीच लख्ख आंबट. तेल, मसाला, फोडणी काही नाही. आधी देठ, कणसं आणि बटाटे, मग भोपळा आणि शेंगा, शेवटी पाला. मीठ, हिरवी मिरची, उतरवताना लोण्याचा गोळा आणि ओलं खोबरं. नारळ आणि लोणी अर्थातच विकतचं. ताज्या भाजीचं पाणी इतकं सुटतं की वरून घालावं लागत नाही.

मुळ्याचं मी दोन भागांत करते. पाला उपटल्या दिवशीच, नाहीतर पिवळा पडतो: बारीक चिरून, मीठ लावून पिळून, लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतून, वरून बेसन पेरून झाकण. पिळलेलं पाणी भाकरीच्या पिठात. मुळा किसून दही, मीठ, चिमूट साखर आणि हिरवी मिरची घालून कोशिंबीर. शरदातला मुळा वसंतातल्यासारखा तिखट जाळ नसतो, गोडसर असतो. त्यामुळे त्याला मोहरीची फोडणी हवी, नुसता तो अळणी वाटतो.

मेथीत मी काही वेगळं करत नाही. पहिल्या जुडीची नुसती लसणावर परतलेली भाजी, भाकरी आणि कच्चा कांदा. नंतरच्या जुड्यांची डाळ घालून पातळ भाजी, आणि उरलेल्याचे मुटके, वाफवून, मग तव्यावर कुरकुरीत. आमच्या मुलीला भाजी नको असते, मुटके मात्र डब्यात हवे असतात.

भोपळ्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथे तो घेताना बरेचजण फसतात. हॅलोविनसाठी ऑक्टोबरात ढिगाने मिळतो तो कोरायचा भोपळा. पाणचट, तंतूंचा, त्याचे घारगे होत नाहीत. पीठ पीत राहतं आणि शेवटी गोड पुरी उरते. मी लावते तो क्राउन प्रिन्स, बाहेरून राखाडी-निळा, आतून गडद केशरी, गर घट्ट. एप्रिलअखेरीस घरात कुंडीत बी लावायचं, रोप जूनच्या सुरुवातीला बाहेर. पहिलं दव गोठायच्या आत फळ काढायचं, देठ चार बोटं ठेवून. देठ तुटलं की तिथूनच सडतो. मग दहा-बारा दिवस उन्हात किंवा उबदार खिडकीत ठेवायचा. साल कडक होते, नखाने चरा पडत नाही. तसा भोपळा थंड, कोरड्या खोलीत संक्रांत पाहतो, आणि गरही आणखी गोड होतो. म्हणून ऋषिपंचमीला ताजा चालतो, घारग्यांना मुरलेलाच घ्यावा.

घारग्यांचं माझं माप: दोन वाट्या किस, चमचाभर तुपात वाफवायचा, सुटलेलं पाणी आटवायचं. एक वाटीपेक्षा थोडा कमी गूळ. या भोपळ्याला पूर्ण वाटी जास्त होते. गूळ विरघळला की खाली उतरवून जायफळ, मीठ, दोन चमचे तांदळाची पिठी, चमचाभर रवा आणि मावेल तेवढी कणीक. पाण्याचा थेंब नाही. तासभर झाकून ठेवून जाडसर थापायचे, मध्यम आचेवर तळायचे. 12 नोव्हेंबरला दिवाळीत तिसरा भोपळा फोडला आणि फराळाच्या ताटात चकलीशेजारी घारगे ठेवले.

टोमॅटो त्या वर्षी करप्याने घेतले. आयर्लंडात 1845 पासून बटाट्यावर पडलेला तोच रोग. दोन दिवस किमान तापमान 10 अंशांच्या वर आणि रोज सहा तास दमट हवा 90 टक्क्यांवर, एवढं त्याला पुरतं. डाग न पडलेली हिरवी फळं त्याच संध्याकाळी उतरवली आणि तेलात लसूण-मिरचीसोबत परतून, भाजलेले शेंगदाणे आणि तीळ घालून खलबत्त्यात चटणी कुटली. डाग पडलेलं फळ टिकत नाही, पिकवायला ठेवू नये.

18 ते 21 ऑक्टोबरला बाबेट वादळाचा पाऊस झाला. चिकण माती पाणी धरून बसली. 22 ला गेले तर उरलेले नऊ मुळे पाण्यात उभे, दोघांना तडे गेलेले. सगळे उपटले, किसून थालीपिठात घातले, काकांकडे चार दिले. त्यांनी पावसाच्या आधीच्या शनिवारी सगळे काढून ठेवले होते. पुढच्या वर्षीपासून मुळ्याचा वाफा मी वीतभर उंच करते आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर जमिनीत मुळा ठेवत नाही.

तिसरा पट्टा मी फसला म्हणून सोडून दिला होता. मेथी नोव्हेंबरच्या गारठ्यात पिवळी पडून गेली. कोथिंबीर आणि पालक मात्र बोटभर उंचीवर थिजल्यासारखे उभे होते, त्यांच्यावर पातळ कापड टाकून ठेवलं. डिसेंबर-जानेवारीत काहीच हललं नाही. फेब्रुवारीच्या मध्यानंतर दिवस परत 10 तासांच्या वर गेला आणि मार्चमध्ये पट्टा भरून आला. 9 एप्रिल 2024 ला पाडव्याच्या बटाट्याच्या भाजीवर पडलेली कोथिंबीर त्या पट्ट्यातली होती. मेच्या अखेरीस ती फुलावर येणार हे आता माहीत होतं, म्हणून अर्धी कापून खाल्ली आणि अर्धी धण्यांसाठी सोडली, ऑगस्टच्या पेरणीला.